नाव-नंबर नसलेली जुनी अलॉय चाकं ओळखायची कशी? (स्टँडर्ड हेरल्ड, १३ इंची, पाच नग)

हेरल्ड_सांगली
नमस्कार मंडळी. सांगलीला मामांचं घर रिकामं करताना मागच्या पडवीत गोणपाटात गुंडाळलेली पाच अलॉय चाकं सापडली. मामांची १९६७ची दोन दारांची स्टँडर्ड हेरल्ड चार वर्षांपासून माझ्याकडे आहे, पण तिला कायम लोखंडी चाकंच पाहिली. मामा आता नाहीत. मामी म्हणतात, "मी लग्न होऊन आले तेव्हापासून ती पोती तिथंच आहेत." त्यांचं लग्न १९७४चं.

वर्णन: १३ इंची, चार नटांची, आठ आरे. आरे मध्याशी रुंद आणि कडेकडे निमुळते. पुढून रुपेरी रंग, मागून जाड काळा रंग. कुठेही नाव नाही, नंबर नाही, साइज नाही. नटांच्या भोकांचं अंतर टेपने मोजलं, साधारण ९८ मिमी भरलं. एका चाकावर पांढरी पूड धरली आहे, बहुतेक शेजारी चुन्याचं पोतं होतं त्याचा चुना असावा.

तीन प्रश्न आहेत. चाकं कुणाची? किती जुनी? गाडीला लावली तर चालतील का? मामांनी पन्नास वर्षं जपून ठेवली म्हणजे त्यांना त्यांचं मोल होतं, म्हणून मला नीट शोध घ्यायचा आहे.

पक्कड_पाना
९८ म्हणजे फियाट! ४ गुणिले ९८ हा फियाटचा ठरलेला पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. तुरिनच्या क्रोमोडोरा कंपनीची असणार. जपून ठेवा, इटालियन माल आहे.

कॉव्हेंट्रीकर
पक्कडराव, जरा थांबा. टेपने मोजलेल्या ९८वर भरवसा ठेवू नका. मी राहतो तिथून जवळच कॅनलीला ट्रायम्फचा कारखाना होता, हेरल्ड तिथलीच. तिचा पीसीडी पावणेचार इंच, म्हणजे ९५.२५ मिमी. ९५ आणि ९८ यांतला फरक टेपला कळतच नाही.

व्हर्नियर घ्या. भोकाचा मध्य अंदाजाने धरू नका. एका भोकाच्या डाव्या कडेपासून समोरच्या भोकाच्या डाव्याच कडेपर्यंत मोजा. भोकं सारख्या मापाची असतील तर तेवढाच पीसीडी. दोन्ही जोड्या मोजा.

हेरल्ड_सांगली
@कॉव्हेंट्रीकर, शेजारच्या लेथवाल्याकडून व्हर्नियर आणला. एक जोडी ९५.३, दुसरी ९५.१. माझं ९८ साफ चुकलं होतं.

पक्कड_पाना
मग माझी क्रोमोडोरा गेली. कॉव्हेंट्रीकर, मानलं तुम्हाला.

वऱ्हाडी_गिअर
पाच भोकांच्या चाकाला काय करता राजेहो? समोर भोकच नसते.

मृण्मयी_मेट
शेजारशेजारच्या दोन भोकांचं मध्य-ते-मध्य अंतर मोजायचं आणि त्याला ०.५८८ने भागायचं. अंतर ६७.२ आलं तर पीसीडी ११४.३, ७०.५ आलं तर १२०, ७६.४ आलं तर १३०. १२० बघून बीएमडब्ल्यू आठवते, १३० बघून पोर्शे ९११.

चार भोकांत गोंधळ जास्त, कारण मापं एकमेकांना खेटून आहेत. हेरल्ड-स्पिटफायर ९५.२५, फियाट ९८, बीएमडब्ल्यू २००२ आणि जुनी गोल्फ १००, मिनी १०१.६. यातल्या शेजारच्या मापाचं चाक रेटून बसवता येतं, नटही आवळले जातात, पण स्टड वाकून आवळलेले असतात. असं चाक रस्त्यावर सुटतं. त्यामुळे हे माप मिलिमीटरच्या आत बरोबर असायलाच हवं.

लाल_डबा
पीसीडीच्याही आधी एक काम करायचं असतं, ते मी पैसे घालवून शिकलो. १५ वर्षांपूर्वी मुंबईत जुन्या एमजीसाठी "इंग्लंडहून आलेली अस्सल अलॉय" म्हणून चार चाकं घेतली. घरी आल्यावर मुलाने फ्रिजवरचं चुंबक चिकटवलं, ते चटकन बसलं. ती रोस्टाइल होती, म्हणजे दिसायला अलॉयसारखी, पण पत्र्याची. एमजीला कारखान्यातूनच यायची, चाकं म्हणून उत्तम, पण मी पैसे अलॉयचे दिले होते. विकणाऱ्याने नंतर फोन उचलला नाही.

चुंबक लावताना मधला भाग आणि बाहेरची कडा वेगवेगळी तपासा. एमजीबी जीटी व्ही८ला डनलॉपची जी चाकं होती त्यांचा मध्य अलॉयचा आणि कडा क्रोम केलेल्या पोलादाची. अमेरिकेतली क्रेगर एसएसही तशीच.

हेरल्ड_सांगली
पाचही चाकांना चुंबक लावलं. कुठेच चिकटत नाही.

श्वाबेन_मराठी
मी श्टुटगार्टजवळ असतो. इथे जुनं चाक हातात आलं की लोक आधी उलटं करून केबीए नंबर शोधतात. वाहनखात्याने दिलेला तो नंबर चाकावर ओतलेला असतो आणि त्यावरून बनवणारा सापडतो. जपानी चाक असेल तर जेडब्ल्यूएलचा शिक्का बघा, तो १९७३ पासूनचा. तुमच्या चाकांवर दोन्ही नाहीत आणि मामींच्या सांगण्यावरून ती १९७४च्या आधीची आहेत. त्यामुळे शिक्का नाही म्हणून ती बनावट ठरत नाहीत. त्या काळात शिक्क्यांची सक्तीच तुरळक होती.

काळा रंग मात्र काढा. जाड रंगाखाली ओतलेली अक्षरं दडलेली असतात. माझ्या मित्राची १९७० सालची पोर्शे आहे, तिची फुक्सची चाकं. फुक्स घडीव असतात, ओतीव नव्हेत, आणि मागे साइज व तारीख ठोकलेली असते. त्याच्या एका चाकावरची तारीख तीन थर रंग खरवडल्यावर दिसली.

गॅरेजवाली_नाशिक
रंग काढताना एकच विनंती, कॉस्टिकच्या टाकीत बुडवू देऊ नका. माझी चार चाकं पावडर कोटिंगला दिली होती. त्यांनी लोखंडी ग्रिलबरोबर तीही कॉस्टिक सोड्यात टाकली. संध्याकाळी आणायला गेले तर चाकांवर काळी साय धरलेली आणि कडा मुंग्यांनी खाल्ल्यासारख्या. अ‍ॅल्युमिनियम कॉस्टिकमध्ये विरघळतं. नटांच्या बैठका इतक्या खाल्ल्या गेल्या की चाकं भंगारात गेली. अजून आठवलं की पोटात तुटतं.

सँडब्लास्टिंगही आता नको. वाळूच्या माऱ्याने वरचा मऊ धातू पसरतो आणि बारीक तडे बुजतात. हाताने लावायचा पेंट रिमूव्हर, नायलॉनचा ब्रश आणि सबुरी.

कोकणकडा
इतका खटाटोप कशाला? नवी १३ इंची चाकं घ्या, ही भिंतीवर टांगा.

हेरल्ड_सांगली
@कोकणकडा, शेवटी टांगायचीच असली तरी काय टांगलंय ते माहीत हवं.

नाना_ओतारी
राम राम. मी कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीत छत्तीस वर्षं फौंड्रीत काढली, त्यातली वीस पॅटर्न शॉपला, म्हणजे साचा काढायचा नमुना (पॅटर्न) बनवतात तिथं. गाड्यांतलं मला काही कळत नाही, ओतकामातलं कळतं. भावा, रंग काढल्यावर मागच्या बाजूचे फोटो उन्हात, तिरप्या उजेडात काढ. पोत कसा आहे ते सांग. हाताला बारीक रवाळ लागतं का, चहाच्या बिस्किटासारखं? का गुळगुळीत? साच्याच्या दोन पेट्या जुळतात तिथली रेघ आऱ्यावर कुठं दिसते? आणि चाक दोरीनं टांगून लाकडाच्या हातोडीनं टिचकी मार. मडकं घेताना वाजवून बघतात तसंच. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आत काहीतरी आहे.

हेरल्ड_सांगली
नाना, रविवारी बसतो.

मृण्मयी_मेट
रविवारी बसणारच आहात तर घनताही काढा, धातू कोणता ते घरच्या घरी कळेल. लगेज मोजायचा लटकता काटा घ्या. चाक हवेत टांगून वजन घ्या, मग पाण्याच्या टिपात पूर्ण बुडवून, तळाला टेकू न देता, पुन्हा घ्या. हवेतलं वजन भागिले वजनातली घट. उत्तर २.७च्या आसपास आलं तर अ‍ॅल्युमिनियम, १.८च्या आसपास आलं तर मॅग्नेशियम. फुगे अडकले असतील तर चाक हलवून काढा, नाहीतर उत्तर चुकेल.

वऱ्हाडी_गिअर
आमच्याकडे गॅरेजात अलॉयला अजून 'मॅकव्हील'च म्हणतात. ते मॅगव्हीलचं झालं का?

कॉव्हेंट्रीकर
हो, मॅगव्हील म्हणजे मॅग्नेशियमचं चाक. महायुद्धानंतर अमेरिकेत हॅलिब्रँडने शर्यतींच्या गाड्यांसाठी अशी चाकं ओतली, आणि पुढे अ‍ॅल्युमिनियमच्या चाकांनाही तेच नाव चिकटलं. इंग्लंडमध्ये साठच्या दशकात मिनिलाइट आलं, आठ आऱ्यांचं, बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीच्या रॅलीतल्या मिनींवर गाजलेलं. सुरुवातीची मिनिलाइट मॅग्नेशियमचीच. त्या आकाराच्या नकला मात्र जगभर झाल्या, जपानातल्या वातानाबे आणि पॅनास्पोर्ट त्याच वळणाच्या. म्हणून फक्त आठ आरे बघून मी मिनिलाइट म्हणायला तयार नाही.

मुळात अलॉय चाक याहून जुनं. बुगाटी टाइप ३५ने १९२४ साली लियाँच्या ग्रांप्रीत ओतीव अ‍ॅल्युमिनियमची चाकं आणली. त्यालाही आठच आरे, पट्टीसारखे चपटे, आणि ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला.

लाल_डबा
शब्दांवरून निघालंच आहे तर आपली 'स्टेपनी'सुद्धा वेल्सची. लानेल्ली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४च्या सुमारास जादा चाक बनायला लागलं, त्या गल्लीचं नाव. ब्रिटनमध्ये आता कुणी म्हणत नाही, आपण म्हणतो.

हेरल्ड_सांगली
रविवारचा अहवाल.

एका चाकाला रिमूव्हर लावला. काळा रंग सायीसारखा सुटला. खाली नाना म्हणाले तसाच बिस्किटाचा पोत, बोटाला रवा लागल्यासारखा. नाव-नंबर काही नाही. टिचकीला आवाज छान, देवळातल्या लहान घंटेसारखा घुमतो. हवेत ५.७ किलो, पाण्यात ३.६. म्हणजे घट २.१, भागाकार २.७१. अ‍ॅल्युमिनियम.

बाहेरून बाहेर रुंदी सहा इंच भरली, म्हणजे टायर बसतो ती आतली रुंदी पाच इंच. मूळ चाकं साडेतीन इंची आहेत.

नाना_ओतारी
वाळूतलं ओतकाम आहे, शंका नको. मोठ्या कंपनीचं चाक त्या काळातही बहुतेक डायमध्ये, म्हणजे धातूच्या साच्यात, ओतलेलं, अंगानं गुळगुळीत. वाळूत ओततात ते थोडे नग काढायचे असले की. मला वाटतंय हे कुणीतरी चार-पाच नगांपुरतंच काढलंय.

पक्कड_पाना
नाना, वाळूतलं म्हणजे गावठी असं नाही ना? शर्यतींची चाकं परदेशातही वाळूत ओतायचे.

नाना_ओतारी
बरोबर बोललास. वाळूत ओतल्यानं माल हलका ठरत नाही. ओतणाऱ्याचा हात कसा, त्यावर ठरतं.

मृण्मयी_मेट
@हेरल्ड_सांगली, तुम्ही एकच चाक तपासलंत. ते चुना धरलेलं होतं की दुसरं?

हेरल्ड_सांगली
दुसरं. ते चुन्याचं बाजूला ठेवलंय, शेवटी धुणार होतो.

मृण्मयी_मेट
धुऊ नका, आधी टांगा. अ‍ॅल्युमिनियमवरही पांढरं येतं, पण पिठासारखी जाड पूड आणि खाली खड्डे असतील तर माझा संशय वेगळा आहे. मागच्या बाजूला न दिसणाऱ्या जागी नखाएवढा रंग काढा, धातू उघडा पाडा आणि व्हिनेगरचा एक थेंब टाका. अ‍ॅल्युमिनियमवर थेंब नुसता बसून राहील. मॅग्नेशियम असेल तर लगेच फसफसेल.

आणि कृपा करून त्याला ग्राइंडर लावू नका. मॅग्नेशियमचा कीस पेटतो, आणि पेटलेल्यावर पाणी टाकलं तर हायड्रोजन निघून आग भडकते. १९५५च्या ल मान्सच्या शर्यतीतल्या अपघातात मर्सिडीजचं शरीर मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं होतं, ती आग पाण्याने विझेना.

वऱ्हाडी_गिअर
व्हिनेगर नसलं तर लिंबू चालते का?

मृण्मयी_मेट
चालतं. लिंबातल्या आम्लानेही मॅग्नेशियम फसफसतं. थेंब टाकून झाल्यावर पुसून कोरडं करा.

हेरल्ड_सांगली
मंडळी, हात थरथरतोय टाइप करताना.

लिंबाचा थेंब टाकला. सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडावं तसे बुडबुडे आले. बाकीच्या चारांवर थेंब टाकून बघितले, काही नाही. या एकाचं वजन हवेत ३.९, पाण्यात १.७. घट २.२. भागाकार १.७७.

चार अ‍ॅल्युमिनियमची आणि एक मॅग्नेशियमचं. दिसायला पाचही सारखी. हे कसं काय?

श्वाबेन_मराठी
रात्रीचे दोन वाजलेत इथे, तरी झोप उडाली. बहुधा एकाचा अपघात झाला असेल आणि बदली चाक मिळालं असेल.

कॉव्हेंट्रीकर
तसं असतं तर चार मॅग्नेशियमची आणि एक बदली अ‍ॅल्युमिनियमचं असतं. इथे उलटं आहे.

नाना_ओतारी
भावा, एक काम कर आणि मग बोलू. यंत्रावर न कातलेली जागा शोध. भोकं, मधला बोअर, कडा हे सगळं लेथवर कातलेलं असतं, ते सोड. आऱ्यांच्या मधल्या खिडक्या आहेत ना, त्या ओतल्या तशाच राहतात. एका खिडकीच्या बाहेरच्या टोकापासून समोरच्या खिडकीच्या बाहेरच्या टोकापर्यंत माप. हलक्या चाकाचं एक आणि बाकी चारांचं एकेक. सगळी मापं इथं लिही.

हेरल्ड_सांगली
हलकं: २६२ मिमी. बाकीची: २५८.५, २५८.५, २५९, २५८.

नाना_ओतारी
आता ऐक. अ‍ॅल्युमिनियम साच्यात थंड होताना आक्रसतं, मीटरमागं साधारण तेरा मिलिमीटर. म्हणून आम्ही पॅटर्न करताना तेवढा मोठा करतो, त्यासाठी वेगळी पट्टीच असते. आता कुणी पॅटर्न न करता तयार चाकच वाळूत दाबून साचा काढला, तर ओतलेलं चाक तेवढं लहान निघणार. २६२ला तेराच्या हिशेबानं साडेतीन मिलिमीटर जातात. उरले २५८.५.

ते हलकं चाक हाच पॅटर्न आहे. त्याच्यावरून बाकीची चार ओतलीत.

कॉव्हेंट्रीकर
नाना, दंडवत घ्या.

गॅरेजवाली_नाशिक
अंगावर काटा आला.

पक्कड_पाना
मग वजनातली घटही जुळते. मुळाची २.२, नकलांची २.१. तिन्ही बाजूंनी आक्रसलं की आकारमान चारेक टक्क्यांनी कमी. नाना आणि मृण्मयीताई, दोघांचे हिशेब एकमेकांना भेटले.

मृण्मयी_मेट
लगेजच्या काट्यावर चार टक्के पकडणं जरा धाडसाचं, पण दिशा बरोबर आहे. मिलिमीटरचा पुरावा जास्त पक्का.

नाना_ओतारी
अजून एक. साचा काढताना नाव-नंबराची उठावदार अक्षरं वाळूला धरतात, साचा फाटतो. म्हणून आम्ही ती मेणानं नाहीतर लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, बुजवतो. त्या हलक्या चाकाच्या मागं एखादी जागा जास्तच सपाट लागते का बघ. असली तर तिथं नख लाव, हत्यार नको.

हेरल्ड_सांगली
चार दिवस लागले, सावकाश केलं. एका आऱ्याच्या मागे, मध्याजवळ, तळहाताएवढी जागा अगदी गुळगुळीत होती. रिमूव्हर कापसाने लावत गेलो. काळ्या रंगाखाली तपकिरी लांबी निघाली, जुन्या खिडकीच्या काचेला असते तशी वाळून दगड झालेली. लाकडी आइस्क्रीमच्या काडीने उचलली. आधी एक सरळ रेघ, मग गोलाकार. शेवटी इंग्रजीत पूर्ण शब्द वाचता आला: मिनिलाइट.

मामींना हाक मारून दाखवलं. त्या बराच वेळ त्यावर बोट फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, लग्नाच्या आधी मामा दरवर्षी मित्रांबरोबर मद्रासला शर्यती बघायला जायचे, तिथून एकदा "एक चाक" घेऊन रेल्वेने आले आणि सासूबाई फार चिडल्या होत्या, असं त्यांनी ऐकलंय. एकच चाक. मी हे आधी कधी विचारलंच नव्हतं.

लाल_डबा
मद्रासच्या शर्यती म्हणजे शोळावरम. महायुद्धातली जुनी धावपट्टी. तिथे हेरल्डही पळायच्या. परदेशी माल आयात करणं तेव्हा जवळपास अशक्य होतं, त्यामुळे एक चाक मिळवणं हीच केवढी गोष्ट. आणि चार हवीत म्हणून उरलेली ओतून घेतली!

कोकणकडा
मी टांगा म्हणालो होतो, ते शब्द मागे घेतो. हा धागा मी बायकोला वाचून दाखवला.

वऱ्हाडी_गिअर
पण राजेहो, हे सांगलीतच ओतलं कशावरून? मद्रासलाच कुणी चार ओतून दिली असतील तर?

नाना_ओतारी
शंका बरोबर आहे. आमच्या पट्ट्यात तेव्हाही ओतकाम जोरात होतं. किर्लोस्करवाडी १९१० पासूनची, कोल्हापुरात ऑइल इंजिनांचे भाग निघायचे. पण त्यानं सिद्ध काही होत नाही. बाकीच्या तीन चाकांचा रंग काढ. हबची सपाट बैठक, जी ड्रमला टेकते, ती नीट बघ. कामगार तिथं खूण करतो, कारण ती जागा बसवल्यावर दिसत नाही.

हेरल्ड_सांगली
सापडलं.

चारही अ‍ॅल्युमिनियमच्या चाकांवर, हबच्या बैठकीवर, बोअरला लागून, भांड्यांवर नाव घालतात तशा ठिपक्याठिपक्यांनी आकडे आहेत. १, २, ३, ४. देवनागरी. पहिल्या चाकावरही होता, मी तिथला रंग नीट काढलाच नव्हता. '३'चं शेपूट बारा ठिपक्यांचं आहे, मोजलं. मॅग्नेशियमच्या चाकावर आकडा नाही.

गॅरेजवाली_नाशिक
माझ्या आजीच्या पितळी डब्यावर अस्साच '३' आहे.

कॉव्हेंट्रीकर
मद्रासच्या शॉपमध्ये देवनागरी आकडे कोण घालेल! मला आता शंका उरली नाही. इथल्या ट्रायम्फवाल्या मित्रांना ही हकीकत सांगितली, ते ठिपक्यांचा फोटो मागत आहेत. त्यांच्या लेखी अस्सल मिनिलाइट कधीही मिळेल, हे नाही मिळणार.

पक्कड_पाना
आता तिसरा प्रश्न. लावायची का? मी म्हणेन चारही लावा आणि स्टेपनी म्हणून लोखंडी ठेवा. त्यासाठीच तर ओतली होती.

मृण्मयी_मेट
माझा ठाम विरोध. धातू अ‍ॅल्युमिनियम आहे एवढंच आपल्याला कळलं. त्यात सिलिकॉन किती, ओतल्यावर उष्णतेची प्रक्रिया केली की नाही, आत पोकळ्या किती, यातलं काही कळलेलं नाही. आणि मॅग्नेशियमचं मूळ चाक तर रस्त्यावर नकोच. इतकी वर्षं दमट पडवीत राहून त्याला आतून काय झालंय ते बाहेरून कळत नाही.

निदान डाय पेनिट्रंट करून घ्या. चाक स्वच्छ करायचं, लाल द्रव फवारायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, पुसायचं आणि वर पांढरा थर मारायचा. तडा असेल तर पांढऱ्यातून लाल रेघ वर येते.

श्वाबेन_मराठी
नटांकडेही बघा. मूळ लोखंडी चाकाचे नट शंकूच्या तोंडाचे असतात. तुमच्या चाकांच्या भोकांची बैठक सपाट आहे की शंकूची? सपाट असेल तर लांब गळ्याचे नट आणि खाली वॉशर लागतात. शंकूचा नट सपाट अलॉयवर आवळला तर तो धातू चावत जातो आणि पुढे ढिला होतो.

हेरल्ड_सांगली
बैठक सपाट आहे. आणि नटांच्या खुणा एकाही चाकावर नाहीत, ना ओरखडा ना वॉशरची गोल छाप. म्हणजे मामांनी ही कधीच बसवली नाहीत.

लाल_डबा
किंवा बसवायला गेले आणि तसे नटच मिळाले नाहीत.

नाना_ओतारी
किंवा ज्यानं ओतली त्यानंच सांगितलं असेल, साहेब, ही लावू नका. मी असतो तर सांगितलं असतं.

हेरल्ड_सांगली
उशीर झाला, क्षमस्व. मिरजेच्या एका वर्कशॉपमध्ये चाचणी झाली, मी शेजारी उभा होतो. १ आणि ४ स्वच्छ. २ला कडेजवळ सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके, म्हणजे ओततानाची छिद्रं. ३ला एका आऱ्याच्या मुळाशी दीड इंचाची लाल रेघ उमटली, हळूहळू, कागदावर शाई फुटते तशी. कधी न वापरलेल्या चाकाला तडा! नानांना फोन केला. ते म्हणाले, थंड होतानाच पडलेला असणार, जाड भाग आणि बारीक भाग जुळतात तिथं धातू ओढला जातो.

तर गाडी लोखंडी चाकांवरच चालेल. मॅग्नेशियमचं चाक कोरडं करून मेण लावून घरात आणलंय. त्याची लांबी अर्धीच काढली आहे, उरलेली तशीच ठेवणार. बाकीची चार पुढच्या महिन्यात कोल्हापूरला नेतोय. नानांना ती हातात घेऊन बघायची आहेत, आणि मामीही येते म्हणाल्या.

नाना_ओतारी
यायच्या आदल्या दिवशी फोन कर. माझे गुरू आता नव्वदीचे आहेत, त्यांनाही घेऊन येतो. ठिपक्यांचा हात कुणाचा ते कदाचित तेच सांगतील.

चाक_पुणे
नवीन सभासद आहे, धागा सलग वाचून काढला. पुण्याच्या जुन्या बाजारात गेल्या रविवारी एक चाक घेतलंय, १३ इंची, चार नटांचं, नाव नाही. व्हर्नियरने ९८.०. चुंबक चिकटत नाही. मागे रंगाखाली काहीतरी उठावदार लागतंय. इथेच विचारू की वेगळा धागा काढू?

पक्कड_पाना
९८.०, व्हर्नियरने? इथेच विचारा. रिमूव्हर आणि नायलॉन ब्रश घेऊन बसा, मी थांबतो.